बटण भिंतीवरच राहील

पहाटे सव्वापाच

आमच्या आळीत नळाला पाणी येतं पहाटे सव्वापाचला आणि साडेसहाच्या सुमारास जातं. घर साताऱ्यातलं, वडिलांनी बांधलेलं. जमिनीखाली तीन हजार लिटरचा हौद, गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी. नळाचं पाणी हौदात पडतं आणि एक हॉर्सपॉवरची मोटर ते वर चढवते. आईच्या कित्येक वर्षांच्या पहाटा या मोटरीपाशी गेल्या. मोटर लावायची, टाकी वाहिल्याचा आवाज ऐकायला जिन्यात उभं राहायचं, मग खाली येऊन बंद करायची. गुडघे दुखायला लागले तरी हे चुकलं नाही. म्हणून घरातला पहिला सेन्सर मी टाकीवर बसवला. घरातलं सगळ्यांत मोलाचं यंत्र आजही तेच आहे, असं माझं मत आहे. रंग बदलणारे दिवे, पडदे आणि बाकीची हौस त्याच्यानंतर.

आठवडाभर बँकेतल्या कामाची घाई असते, त्यामुळे घरातल्या या यंत्रांच्या कामाचा वार रविवार. ज्येष्ठ संपत आलाय, आभाळ भरलेलं आहे. फोनवर दोन आकडे दिसतात, हौदाचा आणि टाकीचा. ते अल्ट्रासॉनिक सेन्सरकडून येतात. पाण्यावर ध्वनीची लहर सोडायची आणि ती परतायला किती वेळ लागला ते मोजायचं, एवढंच त्याचं काम. बाजारात मिळणाऱ्या जलरोधक सेन्सरला वीस-पंचवीस सेंटिमीटरच्या आतलं अंतर ओळखता येत नाही. टाकी काठोकाठ भरल्यावरही पाणी आणि सेन्सर यांच्यात तेवढी जागा उरली पाहिजे, अशा बेतानं तो उंच बसवावा लागतो. पहाटेच्या गारव्यात झाकणाच्या आतून थेंब धरतात. एखादा थेंब सेन्सरच्या तोंडावर बसला की आकडा भलताच येतो. म्हणून एका मोजणीवर काहीही ठरवायचं नाही. लागोपाठच्या सात मोजण्या घ्यायच्या, चढत्या क्रमानं लावायच्या आणि मधली धरायची.

नियम साधा आहे. टाकी निम्म्याच्या खाली आणि हौदात पुरेसं पाणी असेल तर मोटर लागते, टाकी भरत आली की थांबते. पण शेवटचा शब्द मी सॉफ्टवेअरला दिलेला नाही. टाकीत पूर्वापार वापरातला फ्लोट स्विच आहे आणि मोटर चालू-बंद करणाऱ्या काँटॅक्टरच्या कॉइलची तार त्यातूनच जाते. संगणक काहीही म्हणो, पाणी ठरलेल्या रेषेला पोचलं की फ्लोट उचलला जातो आणि मोटर बंद पडते. दुसरी काळजी कोरड्या मोटरीची. पंप पाण्याविना फिरायला लागला की त्याचा करंट नेहमीपेक्षा कमी होतो. लाइनवर बसवलेल्या मीटरला तो दिसतो आणि काही सेकंदांत मोटर थांबते.

मोटरीच्या बोर्डावर तीन जागांचा खटका आहे. एका बाजूला ‘हात’, मध्ये ‘बंद’, दुसऱ्या बाजूला ‘आपोआप’. अक्षरं मुलीनं रंगवली आहेत. माझा फोन, सर्व्हर, वायफाय, सगळं बंद पडलं तरी आई तो खटका ‘हात’वर करून पूर्वीसारखी मोटर लावू शकते. घरात पुढे जे काही केलं ते सगळं याच खटक्याच्या मापानं केलं. आपोआप चालणाऱ्या प्रत्येक गोष्टीला हातानं चालवायची वाट हवी, आणि ती घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाला न विचारता सापडली पाहिजे.

सेन्सरचे आकडे ज्या पद्धतीनं घरात फिरतात तिचं नाव एमक्यूटीटी. १९९९ साली आर्लेन निपर आणि आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क यांनी ती तयार केली, तेलाच्या पाइपलाइनवर उपग्रहामार्फत लक्ष ठेवण्यासाठी. उपग्रहाचा वेळ महाग, म्हणून निरोप अगदी तोकडे ठेवले. त्या पद्धतीतली एक सोय मला फार आवडते. प्रत्येक यंत्र जोडलं जातानाच ‘मी अचानक गप्प झालो तर हा निरोप सगळ्यांना द्या’ असं सांगून ठेवू शकतं. टाकीचा सेन्सर बंद पडला तर स्क्रीनवर जुना आकडा तसाच राहत नाही, ‘संपर्क नाही’ असं दिसतं. पाण्याच्या बाबतीत खोट्या आकड्यापेक्षा हे कितीतरी बरं.

सकाळी सात

आईची पूजा चालू आहे. मी चहा घेऊन संगणकापुढे बसतो.

घरातली सगळी यंत्रं ज्या प्रोग्रॅममधून एकमेकांशी बोलतात तो म्हणजे होम असिस्टंट. नेदरलँड्सच्या पाउलस स्खाउटसेननं २०१३ साली आपल्या घरातल्या फिलिप्स ह्यू दिव्यांसाठी पायथनमध्ये जो छोटा प्रोग्रॅम लिहिला, त्याचा हा वटवृक्ष. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. २०२४ साली तो ओपन होम फाउंडेशन या ना-नफा संस्थेकडे गेला, उद्या कुणी विकत घेऊन बंद करू नये म्हणून. कोणताही मासिक हप्ता न भरता तो कुणालाही उतरवून घेता येतो. आमच्याकडे तो कपाटातल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालतो, तोच आमचा सर्व्हर.

दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी त्याची नवी आवृत्ती येते. मी ती बुधवारी घेत नाही. पुढच्या दिवसांत तिच्यातल्या दुरुस्त्या येतात. त्या आल्यावर, पुढे अख्खा दिवस मोकळा असेल अशाच रविवारी हे काम करायचं. आधी बॅकअप, मग त्या बॅकअपची प्रत दुसऱ्या डिस्कवर, मग बदलांची यादी सावकाश वाचायची. आपण वापरत असलेल्या एखाद्या उपकरणाची पद्धत बदलली असेल तर ती या यादीत लिहिलेली असते. आजच्या यादीत आमच्या कामाचं काही नाही, म्हणून नवी आवृत्ती चढवतो आणि ती सुरू होईपर्यंत चहा संपवतो.

नव्यानं सुरुवात करणाऱ्यांना एक आग्रहानं सांगेन. हा प्रोग्रॅम प्रत्येक आकड्याची नोंद सतत लिहीत असतो. रास्पबेरी पायच्या मेमरी कार्डाला इतकं लिहिणं सोसत नाही, ते झिजतं. थोडे पैसे जास्त गेले तरी एसएसडी लावावी.

सकाळी सव्वानऊ

वायरमन काका येतात. वडिलांच्या वेळेपासून घराचं वायरिंग त्यांनीच केलंय, त्यांच्याकडे परवाना आहे. भिंतीतलं काम मी त्यांच्याशिवाय करत नाही. आज जिन्याचा दिवा आणि आईच्या खोलीचा बोर्ड.

“दादा, आधी मेन पाडा,” ते म्हणतात. मेन पाडल्यावरही ते प्रत्येक तारेला टेस्टर लावतात. आमच्याकडच्या वायरिंगमध्ये लाल तार फेजची, काळी न्यूट्रलची, हिरवी अर्थिंगची. पण जुन्या घरात मधे कुणी काय जोडून ठेवलंय ते रंगावरून कळत नाही. टेस्टर लावल्याशिवाय काकांचा हात आत जात नाही, आणि ही शिस्त मी त्यांच्याकडूनच शिकलो.

बोर्ड उघडला की आपल्याकडच्या वायरिंगची एक मोठी सोय समोर येते. स्विचच्या मागे बसणाऱ्या रिले मॉड्यूलला चोवीस तास थोडी वीज लागते, म्हणजे त्याला फेजबरोबर न्यूट्रलही हवा. अमेरिकेतल्या अनेक जुन्या घरांत स्विचच्या डबीत न्यूट्रल नसतोच. तिथले हौशी लोक त्यावर नाना उपाय शोधत बसलेले असतात. आपल्याकडे एकाच बोर्डावर चार बटणं आणि एक पाच पिनांचा सॉकेट असतो. सॉकेटला न्यूट्रल लागतोच, त्यामुळे तो बोर्डात आलेला असतो. परदेशातली माहिती वाचून आपल्याकडे हे जमणार नाही असं वाटणाऱ्यांनी आधी आपला बोर्ड उघडवून घ्यावा.

अडचण असते ती जागेची. काडेपेटीएवढं मॉड्यूल, त्याच्या तारा आणि जुन्या जाड वायरी, सगळं डबीत कोंबलं तर झाकण बसत नाही, आणि बळेच बसवलं तर आत उष्णता साठते. काका एक जुना तुकडा कापून वायरी नव्यानं वळवतात. जिथे डबी उथळ आहे तिथे ते सरळ खोल डबी बसवतात. वेळ लागतो, पण भिंतीआड जे जाणार ते सैल राहता कामा नये. ढिला स्क्रू तापतो आणि आग तिथूनच लागते. प्रत्येक जोड ओढून पाहिल्याशिवाय आम्ही झाकण लावत नाही.

मॉड्यूल बसवलं तरी भिंतीवरचं बटण तेच राहतं. दिवा बटणानंही लागतो आणि नियमानंही. बटणाचं टोक वर की खाली याला आता अर्थ नाही, ते हलवलं की दिव्याची स्थिती बदलते, जिन्याच्या टू-वे स्विचसारखी. जिन्यावर तशी सवय घरात आधीच होती, त्यामुळे आईला नवं काही शिकावं लागलं नाही. स्मार्ट बल्ब मी घरात फार कमी ठेवले आहेत. कुणी भिंतीवरचं बटण बंद केलं की बल्बची वीज जाते आणि तो फोनला किंवा नियमाला दाद देत नाही. मग घरातल्यांना ‘बटणाला हात लावू नका’ असं सांगावं लागतं. घरातल्या माणसांनी बटणाला हात लावू नये, असं सांगायला लावणारी कुठलीही सोय मला मान्य नाही.

पंख्यांची गोष्ट निराळी. आईच्या खोलीतला जुना पंखा पूर्ण वेगात पंचाहत्तर वॉट खायचा. त्या जागी बीएलडीसी मोटरचा पंखा लावला, तो तिसाच्या आसपास घेतो. दिवसाला बारा तास चालणाऱ्या पंख्यामागे साधारण अर्धा युनिट वाचतो. पण अशा पंख्याचं वेग नियंत्रण त्याच्या आतच असतं, त्याला भिंतीवरचा रेग्युलेटर चालत नाही. काकांनी रेग्युलेटर काढून थेट लाइन दिली. वेग रिमोटनं बदलतो आणि रिमोटचे तेच इन्फ्रारेड संकेत मी एका छोट्या एलईडीकडून पाठवतो. फक्त बोर्डावरचं पंख्याचं बटण ठेवलंय, रिमोट हरवला तरी पंखा चालू-बंद व्हावा म्हणून.

काका निघताना आई त्यांना चहाबरोबर लाडू देते. “वैनी, दिवा नेहमीसारखाच लागतोय ना, बघून घ्या,” असं म्हणून ते तिलाच बटण दाबायला लावतात. काम झालं की नाही हे त्यांच्या लेखी तिनं सांगायचं असतं.

सकाळी साडेअकरा

गीझर. या कामात बारकावे जास्त आहेत, म्हणून सावकाश.

आमचा पंधरा लिटरचा गीझर दोन किलोवॉटचा. २३० व्होल्टवर तो जवळजवळ पावणेनऊ अँपिअर घेतो. बाजारातल्या छोट्या रिलेवर ‘१० अँपिअर’ छापलेलं असतं आणि अनेकांना वाटतं, पुरेल. पण मर्यादेच्या इतक्या जवळ रोज चालणारे रिलेचे संपर्क तापतात, कधीतरी एकमेकांना चिकटतात. मग फोनवर ‘बंद’ दिसतं आणि गीझर चालूच राहतो. म्हणून इथेही काँटॅक्टर, पंचवीस अँपिअरचा. छोटा रिले फक्त त्याच्या कॉइलला वीज देतो, गीझरचा भार त्याच्यावर येतच नाही.

रिले चालवणारी चिप ईएसपी३२, शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीची. या आणि हिच्या आधीच्या ईएसपी८२६६ चिपनं हौशी लोकांचं जग बदललं. वायफाय असलेला अख्खा संगणक काहीशे रुपयांत हातात आला. तिच्यात मी एक नियम आजच घालतोय. गीझर चालू झाल्यापासून पंचवीस मिनिटांनी तो बंद झालाच पाहिजे. पंधरा लिटर पाणी तीस अंशांनी तापवायला दोन किलोवॉटला साधारण सोळा मिनिटं लागतात आणि अर्धा युनिट जातो. थर्मोस्टॅट गीझरला थांबवतोच, पण विसरून चालू राहिलेला गीझर दिवसभर तेच पाणी पुन्हा पुन्हा तापवतो.

हा नियम सर्व्हरवर लिहिणं सोपं होतं. मुद्दाम चिपमध्ये लिहिला. सर्व्हर नवी आवृत्ती घेताना बंद असेल, वायफाय गेलं असेल, त्या क्षणी गीझर चालू असला तर त्याला थांबवणारं कुणी हवं. ज्या नियमावर माणसाची सुरक्षितता अवलंबून आहे तो उपकरणाच्या शक्य तितक्या जवळ असावा. त्याच्याही मागे एमसीबी आणि करंटची गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असावीच. ती नसेल तर बाकी सगळी हौस बाजूला ठेवून आधी तिच्यावर पैसे घालावेत. ओल्या हातानं वापरल्या जाणाऱ्या उपकरणाच्या बाबतीत तीच जीव वाचवते.

दुपारी दीड

जेवण. आमटी, भात, वांग्याचं भरीत. बायको विचारते, “अहो, आज तरी स्वयंपाकघरातला दिवा मधेच मंद होणार नाही ना?” त्याचा नियम मी सकाळीच काढून टाकलाय. जो नियम काम करणाऱ्या माणसाच्या मधे येतो तो ठेवायचा नाही.

दुपारी अडीच

आईच्या खोलीत कॅमेरा नाही, माइक नाही. बाहेरच्या फाटकाशिवाय कुठेच कॅमेरा नाही. हे मी ठरवलं आणि तिच्याशी बोलूनच ठरवलं. तिची काळजी घ्यायची म्हणून तिच्यावर पाळत ठेवायचा हक्क मला मिळत नाही. जे बसवलं ते तिला दाखवून, समजावून, तिची परवानगी घेऊन.

पलंगाखाली, जमिनीकडे तोंड करून एक पीआयआर सेन्सर आहे. रात्री तिनं पाय खाली टाकला की शरीराची ऊब हललेली त्याला कळते आणि पलंगाच्या कडेखालची एलईडी पट्टी अगदी मंद उजळते. डोळे दिपत नाहीत, चपला दिसतात, न्हाणीघरापर्यंतची वाट दिसते. परत येऊन ती आडवी झाली की थोड्या वेळानं पट्टी विझते. वयस्कर माणसं रात्री पडतात ती पुष्कळदा याच वाटेवर. या कामाला खर्च एका साडीच्याही आत आला.

पीआयआरची मर्यादा अशी की माणूस स्थिर बसला की त्याच्या लेखी खोली रिकामी. आई दुपारी खुर्चीत पोथी वाचत बसते, हालचाल फारशी नसते, आणि दिवा विझायचा. त्यावर उपाय २४ गिगाहर्ट्झचा छोटा रडार. श्वासानं छाती हलते तेवढंही त्याला कळतं. पण इंग्रजी व्हिडिओंत न सांगितलेली एक अडचण आपल्या घरांत हमखास येते, छतावरचा पंखा. फिरती पाती रडारला दिसतात आणि रिकाम्या खोलीतही माणूस असल्याचं तो सांगत राहतो. हलणारा पडदाही तेच करतो.

आजची दुपार त्यातच जाते. सेन्सर छतावरून काढून भिंतीवर, खुर्चीच्या उंचीला लावतो, म्हणजे पंखा त्याच्या थेट नजरेतून बाजूला जातो. हा रडार समोरचं अंतर पाऊण-पाऊण मीटरच्या टप्प्यांत वाचतो. ज्या टप्प्यांत खुर्ची आणि पलंग येतात तेवढे ठेवून खिडकीच्या बाजूचे बंद करतो. मग पंखा एकेका वेगावर चालवून, खोलीबाहेर उभं राहून आकडे पाहतो. शेवटी काम दोघांत वाटून देतो. दिवा लावायचा तो पीआयआरनं, तो तत्पर आहे आणि पंख्याला फसत नाही. तो चालू ठेवायचा की नाही हे रडारनं सांगायचं. आई एका पानावरून दुसऱ्या पानावर जाते, दिवा चालू राहतो. ती बाहेर अंगणात येते, दोन मिनिटांनी दिवा जातो.

सेलवर चालणारे छोटे सेन्सर झिगबी या बिनतारी पद्धतीचे. झिगबी आणि वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यामुळे चॅनल विचार करून निवडावा लागतो. वायफाय ११ नंबरच्या चॅनलवर असलं तरी झिगबीचा २५ नंबर बऱ्यापैकी मोकळा सापडतो. सर्व्हरला जोडायची झिगबीची काडी थेट यूएसबी ३ च्या पोर्टात लावू नये. त्या पोर्टातून याच लहरींवर गोंगाट होतो आणि सेन्सर विनाकारण तुटतात. मीटरभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून काडी बाजूला टांगली की अर्ध्या तक्रारी मिटतात. आमच्या जाड भिंतींतून लहर पलीकडे पोचत नाही, तिथे मधे सतत विजेवर असलेलं झिगबीचं प्लग-सॉकेट लावलंय. ते निरोप पुढे पोचवतं. सेलवरची उपकरणं हे काम करत नाहीत, हे खरेदीआधी लक्षात घ्यावं.

संध्याकाळी साडेचार

आता परीक्षा. दिवसभर जे केलं ते टिकतं का हे पाहायला मी इंटरनेटची फायबर केबल उपसतो आणि घरात फिरतो. जिन्याचा दिवा लागतो, टाकीचा आकडा येतो, पलंगाखालची पट्टी उजळते, गीझर वेळेवर बंद होतो. हवामानाचा अंदाज जातो आणि बाहेरगावाहून फोनवर घर दिसणं बंद होतं. एवढंच गेलं पाहिजे, याहून जास्त नाही.

हा हट्ट कशासाठी, ते सांगतो. रिव्हॉल्व्ह नावाची अमेरिकी कंपनी घर चालवणारा एक हब विकत असे. नेस्ट या दुसऱ्या कंपनीनं ती २०१४ साली घेतली आणि मे २०१६ मध्ये तिची सेवा बंद केली. लोकांनी पैसे मोजून घेतलेले हब भिंतीवर तसेच राहिले, चालेनासे झाले. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या अशाच कंपनीचे सर्व्हर कुणालाही न सांगता अचानक बंद पडले. तिच्या काही वापरकर्त्यांनीच पुढे ती कंपनी विकत घेऊन सेवा पुन्हा सुरू केली, तोवर अनेकांनी होम असिस्टंटसारखा घरातला मार्ग धरला होता. आपल्या घरातला दिवा लागावा की नाही हे दूरदेशीच्या एखाद्या कंपनीच्या ताळेबंदावर ठरू नये, असं मला मनापासून वाटतं. सातारकराच्या जिन्यातला दिवा लावण्यासाठी निरोप समुद्रापार जाऊन परत येण्याची काही गरज नाही. सेन्सर आणि दिवा यांच्यात पाच फुटांचं अंतर आहे.

दुसरी परीक्षा मेन पाडायची. पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे लाईट वारंवार जाते, त्यामुळे हा प्रसंग खोटा नाही. राउटर, फायबरची डबी आणि सर्व्हर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहेत, ते चालू राहतात. मुद्दा लाईट परत येण्याच्या क्षणाचा. बऱ्याच स्मार्ट दिव्यांना कंपनीनं ‘वीज आली की चालू हो’ असं शिकवलेलं असतं आणि मध्यरात्री लाईट आली की घर उजळून निघतं. प्रत्येक उपकरणात ‘आधी होतं तसंच राहा’ ही निवड शोधून ती लावावी लागते. मोटर तर लगेच लागूच नये. लाईट येते तेव्हा व्होल्टेज वरखाली होत असतं. मोटरीची चिप पाच मिनिटं थांबते, मीटर २०० ते २५० च्या दरम्यान स्थिरावला आहे ना ते पाहते, मगच मोटरीला परवानगी देते. विजांच्या दिवसांसाठी मुख्य बोर्डात सर्ज अरेस्टर बसवला आहे. दोन्ही परीक्षा दर काही आठवड्यांनी घ्याव्यात. वापरात नसलेला पर्यायी मार्ग गंजतो.

संध्याकाळी पावणेसात

आई देवापुढे दिवा लावते, तो तिच्या हातानं. अंगणातला आणि फाटकावरचा दिवा नियमानं लागतो. घड्याळाची वेळ त्याला लावून ठेवलेली नाही. साताऱ्यात डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या आसपास मावळतो, जूनच्या अखेरीला सात वाजून गेल्यावर. म्हणून नियम सूर्य क्षितिजाच्या किती वर आहे यावर चालतो, ते गणित होम असिस्टंटला घराच्या अक्षांश-रेखांशावरून येतं. आज मात्र आभाळ इतकं भरून आलंय की पावणेसातलाच अंगणात अंधार आहे. गच्चीच्या कठड्याखाली लावलेला प्रकाशमापक सेन्सर ते ओळखतो आणि दिवे अर्धा तास आधी लागतात. तिन्हीसांजेला दारात उजेड असावा ही घराची रीत आहे, आणि ती पाळणारा नियम लिहिताना मला विशेष आनंद झाला.

पहिला पाऊस सुरू होतो. मुलगी गच्चीवरचे कपडे काढायला पळते. घराबाहेरची आर्द्रता फोनवर चढताना दिसते, पण ती पाहायला आज कुणाला सवड नाही.

रात्री साडेनऊ

दिवसाचं शेवटचं काम वहीत. दोनशे पानी, साधी, मराठीत लिहिलेली. आज कोणत्या बोर्डात कोणतं मॉड्यूल बसलं, कोणती तार कुठे गेली, गीझरचा काँटॅक्टर कुठे आहे, कोणता एमसीबी पाडला की काय बंद होतं, सगळं चित्रासकट. प्रत्येक मॉड्यूलवर चिकटपट्टी, तिच्यावर वहीचा पान क्रमांक. मुख्य बोर्डाच्या झाकणाच्या आत एक कागद आहे, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय की सर्व्हर बंद पडल्यास घाबरू नका, सगळी बटणं नेहमीसारखी चालतात, मोटरीचा खटका ‘हात’वर करा. मी गावाला असेन, आजारी असेन किंवा नसेन, तेव्हाही हे घर बायकोला, आईला आणि वायरमन काकांना चालवता आलं पाहिजे. वही लिहायचा कंटाळा येतो त्या रात्री मी ती जास्त सावकाश लिहितो.

पासवर्ड एका पाकिटात, बायकोकडे. बॅकअप घेतला गेलाय का ते एकदा पाहतो. पुढच्या रविवारचं काम पानाच्या तळाशी टिपून ठेवतो. हौदाच्या झाकणाची रबराची कड बदलायची, आणि मावशीकडे कराडला जाऊन तिच्या टाकीचं माप घ्यायचं.

तुम्हाला यात हात घालायचा असेल तर भिंतीतल्या कामाला परवाना असलेला वायरमन बोलवा. यूट्यूब पाहून स्वतः बोर्ड उघडू नका. आणि खरेदीला जाल तेव्हा दुकानदाराला रंग, आवाज, अ‍ॅप यांच्याआधी दोन गोष्टी विचारा. इंटरनेट बंद असताना हे चालतं का, आणि भिंतीवरचं बटण दाबून हे लागतं का. दोन्हींना ठाम ‘हो’ मिळेल तीच वस्तू घ्या.